लेव्हल एडिटर कोण लिहितं, आणि कशापायी?

'डूम' हा गेम १० डिसेंबर १९९३ ला आला. २६ जानेवारी १९९४ ला, म्हणजे पुरता दोन महिन्यांचाही होण्याआधी, न्यूझीलंडमधल्या ब्रेंडन वायबर नावाच्या विद्यार्थ्याने 'डूम एडिटिंग युटिलिटीज' नावाचा लेव्हल एडिटर, म्हणजे गेममधली जागा बांधायचं टूल, इंटरनेटवर टाकलं. बेल्जियमचा राफाएल किने त्याच्या जोडीला होता. हे टूल घेऊन कोणीही डूममधल्या भिंती सरकवाव्यात, नव्या खोल्या बांधाव्यात, राक्षस हवे तिथे उभे करावेत. गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने ते लिहिलं नव्हतं, कोणाला लिहायला सांगितलंही नव्हतं. पैसे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. डूमच्या फाइलमध्ये कुठला आकडा कशासाठी आहे हे या मंडळींनी बाहेरून चाचपत, अंदाज बांधत शोधून काढलं.

बरं, गेम हातात आहे तर खेळावा की नाही माणसाने? हा उद्योग कशाला?

हा प्रश्न मला अधूनमधून घरीही विचारला जातो, कारण मी पोटापाण्यासाठी हेच करतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जायचं आणि लेव्हल डिझायनर लोकांसाठी टूल्स लिहायची. कोणाकडे पूजेला गेलं की एखादे काका विचारतातच, "म्हणजे गेम तू बनवत नाहीस?" नाही. "मग दिवसभर खेळतोस?" तेही नाही, काका. गडकरी रंगायतनमध्ये नटाला टाळी मिळते, नेपथ्यालाही मिळते. पडदा ज्या कप्प्यांवरून वर जातो त्या कोणी बसवल्या हे बघायला कोणी विंगेत जात नाही. आमचं काम कप्प्यांचं आहे.

लेव्हल म्हणजे खेळाडू ज्यात फिरतो ती जागा. पडद्यावर ती बोळ, खोली, जिना अशी दिसते. फाइलमध्ये मात्र नुसते आकडे असतात. समजा, डूमसाठी ठाणे स्टेशनची लेव्हल बांधायची आहे. (उदाहरण उगाच नाही घेतलं. नवशिक्या माणूस एडिटर उघडल्यावर पहिल्यांदा आपलं घर, आपली बिल्डिंग, नाहीतर आपलं कॉलेजच बांधायला घेतो. अंतराळस्थानक वगैरे नंतर.) फलाटाचे चार कोपरे म्हणजे चार बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन आकडे. बिंदू जोडणाऱ्या रेषा. रेषांनी वेढलेला तुकडा म्हणजे सेक्टर, आणि त्या सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि ० ते २५५ मधला उजेडाचा एक आकडा. दारसुद्धा वेगळं काही नसतं. डूममधलं दार म्हणजे छत खाली जमिनीला टेकवलेला एक अरुंद सेक्टर. दार उघडतं तेव्हा त्याचं छत वर सरकतं, एवढंच.

या आकड्यांना फार धार असते. डूममधला खेळाडू ५६ एकक उंच आहे आणि २४ एककांची पायरी तो आपोआप चढतो. उडी मारायची सोय मूळ गेममध्ये नाही. म्हणजे रूळ ० वर आणि फलाट २४ वर ठेवला, तर लोक रूळ ओलांडून सरळ फलाटावर चढणार. २५ केला की कोणाची टाप नाही. झक मारत पुलावरून या. रेल्वे पोलिसांना जे वर्षानुवर्षं जमलेलं नाही ते एका आकड्याने होतं.

आता फलाट रुंद करायचाय. खऱ्या ठाण्यात मे २०२४ च्या अखेरीस पाच नंबरचा फलाट रुंद करायला मध्य रेल्वेने ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता, आणि ते तीन दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवण करून द्यायची गरज नाही. एडिटरमध्ये फलाटाची कड माऊसने पकडायची आणि ओढायची. दोन सेकंद. पण त्या दोन सेकंदांत टूल लिहिणाऱ्याने आधी विचार करून ठेवलेल्या गोष्टी बघा. फलाटाची कड हीच शेजारच्या रुळांच्या सेक्टरचीही कड आहे, तेव्हा फलाट रुंदावला की रूळ तेवढेच अरुंद झाले पाहिजेत. ओढता ओढता कड पलीकडच्या फलाटाच्या कडेवर जाऊन बसली तर दोन बिंदू एकमेकांत मिसळायचे का वेगळे ठेवायचे? चुकून फट राहिली तर गेममध्ये त्या जागी काहीच रंगवलं जात नाही आणि आधीच्या चित्रांचा चिखल तिथे साचून राहतो. डिझायनरला यातलं काही कळता कामा नये. त्याला फक्त 'फलाट रुंद झाला' एवढंच कळलं पाहिजे.

आणि मग सॅटिस. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर वरच्या डेकवर टीएमटीच्या बस आणि त्याच डेकच्या पोटाखाली रिक्षा. डूममध्ये हे बांधताच येत नाही. नकाशावरच्या कुठल्याही एका जागेला एकच जमीन आणि एकच छत, हा तिथला नियम. बस वर आणि रिक्षा खाली म्हणजे एकाच जागी दोन जमिनी झाल्या. मग तो पूल कुठेतरी बाजूला सरकवा किंवा सोडून द्या. गेमचं जग कसं दिसेल हे कल्पनाशक्तीइतकंच इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम) आणि एडिटर ठरवतात, हे सॅटिससमोर उभं राहिलं की लख्ख कळतं.

डूमची ही अडचण आळशीपणातून आलेली नव्हती. तेव्हाच्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर सेकंदाला ३५ चित्रं काढायची, तर कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे दरवेळी तपासत बसायला वेळच नव्हता. म्हणून नकाशा आधीच एका रेषेने दोन भागांत कापायचा, प्रत्येक भाग पुन्हा कापायचा, असं करत सगळी विभागणी झाडासारखी मांडून ठेवायची. याला बीएसपी (बायनरी स्पेस पार्टिशनिंग) म्हणतात. खेळाडू कुठल्या बाजूला उभा आहे हे कळलं की जवळचं काय आणि लांबचं काय हे त्या मांडणीतून चटकन निघतं. मात्र कापाकापी लेव्हल बांधतानाच करून ठेवावी लागते. भिंत हलली की मांडणी नव्याने.

१९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि सॅटिस शक्य झालं. क्वेकची लेव्हल घन ठोकळ्यांची असते. ठोकळा कुठेही ठेवा, एकावर एक ठेवा, तिरका ठेवा. पण या स्वातंत्र्याची किंमत वेळेत मोजावी लागली. ठोकळे रचून झाले की ते तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून काढायचे: एक कापाकापी करणारा, एक कुठून काय दिसू शकतं याचा हिशेब मांडणारा, आणि एक उजेड-सावल्या काढणारा. मोठ्या नकाशाला त्या काळी तासन् तास लागत. दिवा जरा डावीकडे हलवला, तो कसा दिसतो बघायला जेवून यायचं. आणि आल्यावर पडद्यावर काय? लीक.

लीक म्हणजे नकाशाला भोक. क्वेकची लेव्हल बाहेरून पूर्ण बंद असावी लागते; एखाद्या भिंतीत आणि छतात जरा जरी फट राहिली आणि बाहेरच्या पोकळीतून आतल्या खेळाडूपर्यंत वाट निघाली, की दिसण्याचा हिशेब कोलमडतो. फट केवढी? पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारी. पुलाचं छप्पर थोडं फिरवून तिरकं बसवलं, की त्याच्या कोपऱ्याचे आकडे पूर्णांकात राहत नाहीत. संगणक दशांश अपूर्णांक जवळपास धरून चालतो, नेमका धरत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांमध्ये करून पाहा, शेपटाला सतरावा अंक म्हणून एक ४ निघतो. तो शेपटाचा ४ म्हणजेच छपराची फट.

यावरचा उपाय मला अजूनही या धंद्यातली सर्वात सज्जन गोष्ट वाटतो. कापाकापी करणारा प्रोग्रॅम नुसता 'लीक आहे' म्हणून हात वर करत नाही. आतल्या वस्तूपासून फटीतून बाहेरच्या पोकळीपर्यंत कसं पोचता येतं ती वाट तो बिंदूंच्या फाइलमध्ये लिहून देतो. एडिटर ती फाइल उघडून नकाशावर रंगीत रेष काढतो. रेषेमागे जात राहायचं; तिकीटघर, जिना, पूल, आणि जिथे रेष भिंतीतून आरपार जाते तिथे भोक. हे कोणाला सुचलं असेल? ज्याने एखादी रात्र भोक शोधण्यात घालवली होती त्यालाच.

टूल लिहिणाऱ्यांची पार्श्वभूमी चाळली की बहुतेक वेळा हेच सापडतं. जॉन रोमेरो डूमच्या लेव्हल बांधत होता आणि त्या बांधायचा एडिटरही नेक्स्ट कंपनीच्या मशीनवर त्यानेच लिहिला; त्याआधीचा त्याचा 'टेड' हा एडिटर 'कमांडर कीन' आणि 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'ला वापरला गेला होता. ज्याला बोचत होतं त्यानेच काटा काढला. टिम स्वीनीची गोष्ट तर उलट्या टोकाने सुरू होते. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या या विद्यार्थ्याने टर्बो पास्कलमध्ये साधा मजकूर लिहायचा एडिटर करायला घेतला, मग त्या कर्सरला हिंडायला भिंती दिल्या, आणि १९९१ मध्ये 'झेडझेडटी' हा गेम झाला, एडिटरसकट. पुढे 'अनरिअल' या गेमचा पहिला एडिटर त्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिला. व्हिज्युअल बेसिकला नाकं मुरडणाऱ्यांना हे मी मुद्दाम सांगतो. बेन मॉरिसने क्वेकसाठी 'वर्ल्डक्राफ्ट' लिहिला. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने तो एडिटर विकत घेतला, मॉरिसलाही कामावर घेतलं, आणि १९९८ चा 'हाफ-लाइफ' त्यात बांधला गेला. आज त्याला हॅमर म्हणतात.

आधी हे सगळं कागदावर चालायचं. पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या लेव्हल निन्टेन्डोच्या मियामोतो आणि तेझुका यांनी आलेखाच्या कागदावर काढल्या आणि प्रोग्रॅमरने त्यावरून आकडे भरले. दहावीच्या भूमितीला लागतो तसलाच चौकटींचा कागद. त्यातून अफाट गेम झाला हे खरं, पण खड्डा एक चौकट रुंद केला तर उडी कशी लागते हे कळायला आधी दुसऱ्या माणसाने ते आकडे भरायला हवेत. २०१५ मध्ये निन्टेन्डोने लेव्हल बांधण्याचं टूलच 'सुपर मारिओ मेकर' म्हणून विकलं. कंपनीतल्या डिझायनरांसाठी लिहिलेलं टूल बघून तेझुकाला हाच खेळ वाटला.

माझ्या मते या माणसांना हलवणारी गोष्ट एकच: मनात आलं आणि डोळ्यांना दिसलं यांच्या मधला वेळ त्यांना सहन होत नाही. बाकी माणसं वाट बघतात, चहा पितात. हा माणूस मात्र चार तास वाट बघण्याऐवजी चार महिने खपून वाट बघायची गरज संपवणारा प्रोग्रॅम लिहितो. हिशेबात हे बसत नाही. स्वतःच्या एका लेव्हलसाठी तर मुळीच नाही.

ठाणे-नवी मुंबईत असा माणूस घडला तो बहुतेक सायबर कॅफेतून. दोन हजारच्या दशकात स्टेशन परिसरातल्या आणि वाशी-नेरुळच्या कॅफेंमध्ये क्लासच्या नावाखाली 'काउंटर-स्ट्राइक' चालायचं, आणि त्यात हटकून 'डस्ट टू'. तो २००१ चा नकाशा डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडमधल्या तरुणाचा. त्याआधीचा 'डस्ट' त्याने शाळकरी वयातच, वर्ल्डक्राफ्टमध्येच बांधला होता. म्हणजे मॉरिसचं टूल, जॉन्स्टनचा नकाशा, आणि त्यात बोंबा मारत पळणारी नौपाड्यातली पोरं. त्यातलं एखादं पोरगं पळायचं सोडून भिंतीपाशी थांबतं आणि विचारतं, हे बनवतात कुठे? आमच्या सोसायटीचा असा मॅप करता येईल का?

मग इंजिनिअरिंग. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेत 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' नावाचा विषय असतो आणि माझ्या वेळी तो टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकवला जायचा. ब्रेझनहॅमची रेष काढा, कोहेन-सदरलँडने ती खिडकीच्या कडेला कापा, जर्नलला प्रिंटआऊट चिकटवा, व्हायव्हाला 'अॅडव्हान्टेजेस सांगा'. हे शिकून उपयोग काय हे कोणी सांगत नाही. उपयोग असा: डिझायनर पडद्यावरच्या फलाटावर क्लिक करतो. पडदा सपाट, जग त्रिमितीय. तेव्हा डोळ्यापासून त्या क्लिकच्या जागेतून आत एक किरण सोडायचा, तो कुठल्या कुठल्या ठोकळ्यांना लागतो ते काढायचं, आणि त्यातला सर्वात जवळचा निवडायचा. गणिताच्या पेपरात ज्या व्हेक्टरांपायी निम्म्या वर्गाला केटी लागायची, म्हणजे विषय राहायचा, तेच व्हेक्टर इथे दिवसभर वापरात असतात.

पण गणित हा कामातला सोपा भाग. अवघड भाग कंट्रोल-झेड.

अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं, हे प्रत्येकाला फुकटचं वाटतं. करायचं कसं? पहिला मार्ग: प्रत्येक बदलानंतर अख्ख्या नकाशाची प्रत ठेवून द्या. नकाशा ५ एमबीचा असेल तर शंभर पावलांना ५०० एमबी. छोट्या टूलला चालून जातं. दुसरा मार्ग: केलेली कृती तिच्या उलट कृतीसकट लिहून ठेवा. फलाट ४० एकक उत्तरेला सरकवला, तर उलट म्हणजे ४० एकक दक्षिणेला. ऐकायला सरळ आहे. पण माऊसने ओढताना संगणकाला सेकंदाला कित्येक लहान लहान हालचाली कळतात. त्या सगळ्या वेगळ्या नोंदल्या, तर फलाट परत जागेवर आणायला डिझायनरला दोनशे वेळा कंट्रोल-झेड दाबावं लागेल. त्याच्या मते त्याने एकच गोष्ट केली. तेव्हा बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतच्या हालचालींची एकच कृती मानायची.

आता त्याने तिकीटघराचं दार पुसलं. त्या दाराला एक कळ जोडलेली होती. क्वेकच्या पद्धतीत कळीकडे दाराचं नाव लिहिलेलं असतं. दार गेलं, कळ अधांतरी. मग त्याने कंट्रोल-झेड दाबलं. दार परत आलं पाहिजे हे उघडच आहे, पण तेच दार आलं पाहिजे. तसंच दिसणारं नवं दार आणलं, तर आतल्या आत त्याची ओळख बदलते. त्याआधीच्या पावलांमध्ये जुन्या दाराचा उल्लेख आहे, आणि आणखी दोनदा कंट्रोल-झेड केलं की टूल कोसळतं. शिवाय काय निवडलेलं होतं हेही अनडूने परत आणायचं का? यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद होतात. मी 'आणायचं' या बाजूचा आहे. वीस ठोकळे एकेक करून निवडलेत आणि चुकून बाहेर क्लिक झालं, तर माणसाने काय करावं?

अनडू पक्कं असलं की डिझायनर बेधडक होतो. छप्पर उडवून बघतो, अख्खा पूल आडवा करतो, कारण परत येता येतं हे त्याला माहीत असतं. अनडूवर भरवसा नसलेला डिझायनर लगेच ओळखू येतो: दर मिनिटाला 'सेव्ह ॲज' करतो, आणि त्याच्या लेव्हल चौकोनी असतात.

म्हणून टूल लिहिणाऱ्याने खुर्ची घेऊन डिझायनरच्या मागे बसावं आणि तोंड बंद ठेवावं. तो माऊस कुठे नेऊन थबकतो ते बघावं. 'ते बटण वर उजवीकडे आहे' असं सांगायची उबळ आली, तर ते बटण चुकीच्या जागी आहे.

पैशाचं म्हणाल, तर तो या कामात आहे, पण दंतकथा होण्याइतका नाही. इथल्या स्टुडिओंमध्ये बहुतेक काम युनिटी किंवा अनरिअल या तयार इंजिनांवर चालतं, तेव्हा आमच्यासारख्यांनी अख्खा एडिटर लिहायचा नसतो. असलेल्या एडिटरला आपल्या गेमपुरते हातपाय जोडायचे असतात. स्वतंत्रपणे लिहिणारेही आहेत. थॉरबियॉर्न लिंडाइएर २००४ पासून 'टाइल्ड' हा एडिटर सांभाळतोय, तो फुकट आहे आणि वापरणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतो. 'डेड सेल्स' या गेमवर काम केलेल्या सेबास्तियाँ बेनारने नंतर 'एलडीटीके' हा एडिटर लिहिला आणि तोही मोकळा सोडला. त्यांनी त्या वेळात गेम लिहिले असते तर जास्त कमावलं असतं का, हा प्रश्न त्यांच्याऐवजी आमचे काका जास्त विचारतात.

यात एक मिळकत मात्र अशी आहे जी गेम लिहिणाऱ्यालाही सहसा मिळत नाही. 'वॉरक्राफ्ट थ्री' २००२ मध्ये आला, सोबत नकाशे बांधायचा एडिटर होता. खेळणाऱ्यांनी त्यात 'डोटा' बांधला, आणि त्यातून पाच विरुद्ध पाच असा खेळाचा एक नवाच प्रकार जगभर रुजला. एडिटर लिहिणाऱ्यांनी हे योजलेलं नव्हतं. आपल्या टूलमध्ये आपल्याला न सुचलेली गोष्ट कोणीतरी करून दाखवतो, तो दिवस पगाराच्या दिवसाहून बरा जातो. माझ्या छोट्या टूलमध्ये एका डिझायनर मुलीने पायऱ्या बनवायचं बटण वापरून चक्क बसस्टॉपचं पन्हाळी पत्र्याचं छत बनवलं होतं. मी ते बटण त्यासाठी लिहिलंच नव्हतं. आता त्याला पत्र्याचं बटण असंच म्हणतात.

हे हाताने करून बघायचं असेल तर 'ट्रेंचब्रूम' हा क्वेकचा फुकट एडिटर उतरवून घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. एक ठोकळा काढा, फाइल सेव्ह करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. ठोकळ्याच्या सहा बाजूंच्या सहा ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत कंसातले तीन बिंदू. दोन ओळींत तिन्ही बिंदूंचा पहिला आकडा सारखाच असेल; त्यातली मोठ्या आकड्याची ओळ घ्या, समजा ६४. तिन्ही जागी १२८ करा, सेव्ह करा, परत एडिटरमध्ये उघडा. ठोकळा त्या बाजूने लांब झालेला दिसेल. मग जिन्याच्या वीस पायऱ्या याच पद्धतीने नोटपॅडमध्ये लिहून बघा. सहाव्या-सातव्या पायरीला कंटाळा येऊन हे आकडे भरणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहावीशी वाटली, तर जिना तिथेच सोडा आणि स्क्रिप्ट लिहायला घ्या.